बेयाबाईंच्या पाट्या

मकथरच्या डोंगरावरच्या प्राथमिक शाळेत नवा शिक्षक आला की त्याला दोन गोष्टी आधी सांगितल्या जायच्या. एक, शेगडीची लाकडं सकाळीच भरून घ्यायची, दुपारी मिळत नाहीत. दुसरी, पाटी कशी वापरतात ते शिकायचं असेल तर बेया वर्तानींच्या वर्गाच्या दारात जाऊन उभं राहायचं.

पाटीत काय शिकायचंय, असं तोंड करून नवे शिक्षक जायचे आणि गप्प होऊन परतायचे. तशी पाटीची पद्धत आमच्याकडे सगळ्याच शाळांत आहे. शिक्षक गणित सांगतो, मुलं मनातल्या मनात करतात. टेबलावर पट्टी वाजते, खडू चालायला लागतात. पुन्हा वाजते, खडू खाली. तिसऱ्यांदा वाजली की सगळ्या पाट्या एकदम डोक्याच्या वर, तोंड शिक्षकाकडे. एका नजरेत सगळा वर्ग वाचून होतो. या पद्धतीत वाढलेल्या आमच्या पिढीला अजूनही कुणी टेबल वाजवलं की हात वर करावेसे वाटतात.

बेयाबाईंची गंमत होती ती त्याच्या पुढची. बाकीचे शिक्षक बरोबर पाट्या पाहून खूश व्हायचे. बाईंची नजर चुकलेली पाटी शोधत फिरायची आणि ती सापडली की घरी पाहुणा आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळायचा. "ये, ये. आज तू आम्हाला शिकवणार," असं म्हणत त्या पोराला पुढे बोलवायच्या आणि काड्यांचा डबा उघडायच्या. ओढ्याकाठचा बोरू सोलून, कापून, दहा-दहाच्या जुड्यांना रबर लावून त्या काड्या त्यांनी स्वतः केलेल्या होत्या. पोरगं टेबलावर काड्या मांडायचं, मोजायचं, आपण कुठे घसरलो ते आपणच शोधून काढायचं. मग जागेवर जाताना असं ऐटीत जायचं की बरोबर उत्तरवाल्यांना हेवा वाटावा. चूक हेच माझं भांडवल आहे, असं बाई म्हणायच्या, आणि ते नुसतं बोलणं नव्हतं.

बाई यंत्रांना नाकं मुरडायच्या असं मात्र समजू नका. समुद्रापलीकडे ल्यों शहरात कामाला गेलेल्या आमच्या माणसांनी वर्गणी काढून शाळेला एक प्रोजेक्टर पाठवला, तेव्हा इतरांनी त्यावर ससा-कासवाची चित्रं लावून डुलक्या काढल्या. बाईंनी काय केलं, चुकलेल्या पाटीचा फोनवर फोटो काढला आणि भिंतीवर भलामोठा करून दाखवला. "ही पाटी कुणाची ते विचारायचं नाही. ही कुठे अडखळली, तेवढं शोधायचं." सगळा वर्ग पोलिसांसारखा त्या चुकीच्या मागे लागायचा. खडूनं घसा बसायला लागला तेव्हा त्यांनी कमरेला बांधायचा छोटा स्पीकर घेतला. शेजारच्या वर्गावर इन्साफ नावाची तरुण शिक्षिका होती, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं बाईंच्या फोनमध्ये वर्गातल्या प्रत्येक मुलाचा फोटो घालून दिला. फोटोवर बोट ठेवलं की त्या मुलाच्याच आवाजात त्याचं नाव ऐकू यायचं. हजेरीला मजा म्हणून केलेलं ते खेळणं होतं.

तो फोन पुढे बाईंच्या गळ्यातला ताईत झाला. त्याचं कारण फार वाईट होतं.

सुरुवात स्वयंपाकघरात झाली. कुसकुसात, म्हणजे आमच्या रोजच्या रव्याच्या जेवणात, मीठ दोनदा पडलं, मग एकदा पडलंच नाही. बाईंचे यजमान हम्मादी हे बस चालवून निवृत्त झालेले, थट्टेखोर माणूस. ते म्हणाले, "बेया, तुझ्या हाताला आता चव नाही, नशीब आहे. कधी काय लागेल सांगता येत नाही." दोघं पोटभर हसले. पुढे एकदा बाई बाजारातून घरी यायच्या त्या माहेरच्या गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांचे आईवडील जाऊन कैक वर्षं झालेली. शेजारणीनं हाताला धरून आणून सोडलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

हम्मादी त्यांना राजधानीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर पोरसवदा होता, बोलायला मऊ. त्यानं कोरा कागद पुढे केला. "मादाम, मला एक घड्याळ काढून दाखवा. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत असं."

बाईंना हसू आलं. पुठ्ठ्याचं घड्याळ घेऊन उभा जन्म त्यांनी पोरांना वेळ शिकवलेली. त्यांनी गोल काढला, हातानं काढलेला वाटूच नये असा सुरेख. त्यात आकडे भरले. मग काटे काढायला पेन्सिल टेकवली आणि ती तिथेच राहिली. डॉक्टरनं घाई केली नाही. हम्मादी खिडकीबाहेर बघायला लागले. बराच वेळ गेल्यावर बाईंनी अकराच्या आकड्याला एक काटा काढला, दहाच्या आकड्याला एक काढला, आणि डॉक्टरकडे अशा बघायला लागल्या की जणू पाटी तपासून घ्यायचीय.

परतीच्या बसमध्ये हम्मादी म्हणाले, "आता घरी बस. मी आहे, कोंबड्या आहेत."

"कोंबड्यांना पाढे शिकवू?"

"शिकव. शिकल्या तर अंडी तरी मोजून घालतील."

"हम्मादी, थट्टा नको," बाई म्हणाल्या. "घरात मी कुठेतरी हरवते. वर्गात नाही हरवत. तिथे शिरले की मला कळतं मी कोण आहे ते. एवढा वर्ग पाढ्यांतून पार करू दे, मग म्हणशील तिथे बसते. कुणाला सांगू नकोस. लतीफला तर नाहीच." सी लतीफ, म्हणजे लतीफसाहेब, शाळेचे मुख्याध्यापक.

"आणि पोरांचं नुकसान झालं तर?"

"एका पोराचं जरी झालं ना, त्या दिवशी मी स्वतः उठून येईन. तुला सांगावं लागणार नाही."

हम्मादींना ते पटलं नव्हतं. पण बायकोच्या हातातून वर्ग काढून घ्यायचा म्हणजे काय काढून घ्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. ते मूग गिळून बसले.

आणि खरोखर, वर्गात निभत होतं. नावं विसरली तर फोन होता. बाई कानात बारीक यंत्र घालायच्या, फोटोला बोट लावायच्या आणि कानात पोराचाच आवाज यायचा, "मी वाइल". तास संपायच्या आधी फोन थरथरायचा. पुढचा विषय कोणता तेही फोनच सांगायचा. पाढे मात्र फोनवर बघता येईनात. मुलांसमोर बघायचे कसे? आणि पाढे तर एकेक करून डोक्यातून जात होते. आधी नऊचा, मग आठचा. हिवाळ्याच्या तोंडाशी एके सकाळी बाईंनी "सहा साते किती?" असं विचारलं, पट्टी वाजवली आणि त्यांच्या ध्यानात आलं की उत्तर आपल्यालाच येत नाहीये. सवयीनं हातानं पट्टी पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. पाट्या वर गेल्या. जवळजवळ सगळ्या पाट्यांवर बेचाळीस होतं.

"शाब्बास, बेचाळीस," बाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून पाट्याच बाईंना उत्तर सांगायला लागल्या. जास्त पाट्यांवर जे असेल ते बरोबर, एखाद-दुसरीवर वेगळं असेल ती चूक. मग चुकलेल्या पोराला बोलवायचं, काड्या काढायच्या, तो मोजेल तसं आपणही मोजायचं. बाईंना वाटलं, देवानंच ही पद्धत माझ्यासाठी राखून ठेवली होती.

पण थंडी पुढे सरकली तसे पाढे अवघड झाले. एकदा सात नव्वे विचारलं आणि पाट्या वर आल्या तेव्हा अर्ध्यांवर एक होतं, अर्ध्यांवर दुसरं. बाई बघत राहिल्या. डावीकडून उजवीकडे बघितलं, उजवीकडून डावीकडे बघितलं. पाट्यांचे हात खाली यायला लागले तरी पट्टी वाजेना. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "शेगडीचा धूर झालाय फार," असं म्हणून त्या बाहेर गेल्या आणि आवारातल्या बर्फात शिकवण्याच्या पांढऱ्या डगल्यातच उभ्या राहिल्या.

त्यानंतर मात्र नवल झालं. वर्ग एकदम हुशार झाला. काहीही विचारा, सगळ्या पाट्यांवर एकच उत्तर. आठवडे गेले, काड्यांच्या डब्याला हात लावायची वेळ येईना. बाई घरी सांगायच्या, "हम्मादी, असा वर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. एकसुद्धा चुकत नाही." सकाळी ऑलिव्ह तेलात ब्सीसाचं, भाजलेल्या धान्याचं पीठ कालवून देताना हम्मादी त्यांच्याकडे बघायचे. बायको आनंदात आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

वसंतात शाळा तपासनीस आले. तपासनिसांची जात तुम्हाला ठाऊकच आहे. येतात ते नाकावर चष्मा आणि मनात वाकडं घेऊन. हे गृहस्थ मात्र बरे निघाले. शेवटच्या बाकावर जाऊन मुकाट बसले. त्यांनी सातचा पाढा घेतला, आठचा घेतला, नऊचा घेतला. पट्टी वाजली, पाट्या वर गेल्या, प्रत्येक वेळी सगळ्यांवर तेच उत्तर. "शाब्बास. शाब्बास." बाईंच्या आवाजात पूर्वीचा ठणका आला.

मुलं सुटीला बाहेर पळाल्यावर तपासनिसांनी बाईंचा हात हातात घेतला. "मादाम बेया, एवढ्या वर्षांत असा वर्ग पाहिला नाही. मी सी लतीफना तसं सांगणार आहे." मग आवाज खाली आणून हसत म्हणाले, "एक बारीकशी गोष्ट. तुम्हाला पुढून दिसत नसेल, मला मागून दिसली. ती पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी आहे ना, तुम्ही गणित सांगितलं की ती हात पाठीमागे घेते. आधी दशकाची बोटं, मग मूठ, मग एककाची. मागची सगळी तेच उतरवतात. पोरं आहेत, चालायचंच. मी काही लिहीत नाही. तुम्ही मात्र कान धरा."

ती मुलगी म्हणजे अरवा. हात पाठीमागे बांधून ताठ बसते म्हणून बाई सगळ्यांना तिचा दाखला द्यायच्या.

बाई संतापल्या. त्यांच्या वर्गात कॉपी! चुकायला ज्या वर्गात मान होता, त्या वर्गात! सुटी संपल्यावर त्यांनी अरवाला उभं केलं. फोनकडे बघावंसुद्धा लागलं नाही, रागानं नाव आपोआप आठवलं.

"हे किती दिवस चाललंय?"

अरवानं हातातला खडू बाकावर ठेवला.

"लाज नाही वाटत? बाकीच्यांना आंधळं करून ठेवलंस तू. त्यांना काही येतं का? बोल! जीभ गिळलीस का?"

तेवढ्यात मागून वाइल उठला. हा वर्गातला सगळ्यात मठ्ठ आणि सगळ्यात बडबड्या मुलगा, खाटकाचा.

"तिला नका ओरडू बाई. ती काय स्वतःसाठी करते का?"

"मग कुणासाठी करते? तुझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी," वाइल म्हणाला.

"गप रे!" अरवा किंचाळली.

पण वाइलला सुरू झाल्यावर थांबणं माहीत नव्हतं. "त्या बर्फाच्या दिवशी निम्म्यांचं एक आलं, निम्म्यांचं एक आलं, आणि तुम्ही रडलात. धूर नव्हताच बाई, शेगडी विझलेली होती. मग अरवा म्हणाली, उत्तरं वेगवेगळी आली की बाई घाबरतात. बाईंना कुठलं बरोबर ते कळत नाही. म्हणून सगळ्यांनी एकच लिहायचं. आम्ही शपथ घेतली, घरी कुणी सांगायचं नाही. मी पण नाही सांगितलं. माझ्या आईलापण नाही."

बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "वाइल, सात त्रिक किती?"

"अरवाला विचारू?"

"नको. तू सांग."

वाइलनं ओठ चावले, छताकडे बघितलं, बोटं उघडली, मिटली. "येत नाही बाई," तो म्हणाला, आणि वर घाईघाईनं, "पण हरकत नाही."

त्या दिवशी त्यांनी पुढे काहीच शिकवलं नाही. मुलांना चित्रं काढायला सांगितली. अरवाजवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला तशी ती पोरगी त्यांच्या डगल्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. तिला वाटत होतं, आपलं चुकलं. तिचं काय चुकलं होतं, हे बाईंनासुद्धा सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर त्यांनी हम्मादींना सगळं सांगितलं. हम्मादींचे डोळे भरून आले. "गुणी पोरं आहेत गं. एवढ्याशा जिवांनी तुला सांभाळलं."

"मला सांभाळलं," बाई म्हणाल्या. "आणि पाढा गेला. अरवा सोडली तर एकाला येत नाही, हम्मादी. एकालाही. माझ्या वर्गात पोरं चुकायला घाबरायला लागली, माझ्यामुळे." आणि मग, आधी कधी रडल्या नव्हत्या तशा, आवाज करून रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात शिरताना त्यांनी फोन कपाटात ठेवला, कानातलं यंत्र काढून ठेवलं. अरवाला शेवटच्या बाकावर बसवलं.

"आज कुणी कुणाचं बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जे येतं ते लिहायचं. चुकलं तरी तेच लिहायचं. मला तुमचं उत्तर हवंय, अरवाचं नको. ऐकताय ना?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागून अरवाचा बारीक आवाज आला, "पण बाई..."

"लिहायचं."

सात आठे किती, असं त्यांनी विचारलं. पट्टी वाजली. खडू अडखळत चालले, कुणी पुसलं, पुन्हा लिहिलं. पट्टी वाजली. पट्टी वाजली. पाट्या वर आल्या.

चोपन्न. छप्पन्न. अठ्ठेचाळीस. पंधरा. त्रेसष्ट. पुन्हा चोपन्न. एका पाटीवर काहीच नव्हतं, नुसता पुसल्याचा डाग होता. बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पाट्या वाचत गेल्या. खरंखुरं भांडवल समोर आलं होतं, इतक्या दिवसांनी, एवढं सगळं. यातल्या कुणाला बोलवायचं, कुणाला म्हणायचं ये, आज तू आम्हाला शिकवणार? त्यांना सांगता येईना. पाट्यांच्या वरच्या कडेवरून मुलांचे डोळे त्यांच्याकडे बघत होते, आता बाई रडतील म्हणून घाबरलेले. बाई रडल्या नाहीत. त्यांनी पट्टी वाजवली, पाट्या खाली आल्या, आणि त्या उठून शेजारच्या वर्गात गेल्या.

"इन्साफ, जरा ये गं," दारातूनच म्हणाल्या. "माझ्या वर्गाच्या पाट्या तपास. मला येत नाहीत."

इन्साफला आधी वाटलं चष्मा विसरला असेल. मग तिनं बाईंचा चेहरा पाहिला. तिनं आपल्या मुलांना वाचायला सांगितलं आणि बाईंच्या मागोमाग आली. बाईंनी तिच्या हातात पट्टी दिली. "सी लतीफला मी मधल्या सुटीत सांगते. आता तू घे. यांना पाढा यायला हवा. मी तो घालवलाय."

"बाई, काय बोलताय हे—"

"वेळ घालवू नकोस. पोरं खोळंबलीत."

इन्साफनं डोळे पुसले आणि पट्टी वाजवली. पाट्या वर गेल्या. तिची नजर फिरली आणि पंधरावर येऊन थांबली. पाटी वाइलची होती. "ये वाइल," ती म्हणाली. "आज तू आम्हाला शिकवणार."

बेयाबाई पहिल्या बाकावर, अरवाच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या. बाक बुटका होता, त्यांचे गुडघे वर आले. वाइलनं धूळ झटकून डबा उघडला. आठ काड्यांची एक रांग मांडली, तिच्याखाली दुसरी मांडली, अशा सात रांगा होईपर्यंत मांडत गेला आणि मग एकेका काडीवर बोट ठेवून मोजायला लागला. बाईंचेही ओठ हलत होते. मध्येच त्यांची रांग चुकली, तशी त्यांनी पहिल्या काडीपासून पुन्हा सुरुवात केली.

"छप्पन्न!" वाइल ओरडला. "छप्पन्न आलं, बाई!"

सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. बाई अजून मोजत होत्या.